एक नंबरचं ताट

कुंदाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. का नाही होणार हो? कुळगावच्या या निराधार गृहात ती एकेचाळीस वर्षं वाती वळतेय, आणि गृहाचा इतिहास लिहून घ्यायला आलेली कॉलेजची पोरगी, चैत्राली, बसली कुणासमोर? मीनासमोर! चार वर्षांपूर्वी आलेल्या मीनासमोर!

सगळा घोळ ताटांचा. इथे प्रत्येकीच्या ताटावर नंबर ठोकलेला असतो. एखादी बाई वारली की तिचं ताट नव्या बाईला. एक नंबरची म्हातारी गेली त्याच आठवड्यात मीना आली, म्हणून तिला एक. कुंदाला अठ्ठावीस. चैत्रालीने दुपारच्या पंगतीत ताटं पाहिली आणि एक नंबर म्हणजे सगळ्यात जुनी, असं आपलं आपणच ठरवून टाकलं.

बरं, मीनाने तरी सांगावं ना, की बाई, मी कालची! छे! वातींचा कापूस बाजूला सारून, पदर सावरून सुरूच झाली. "तेव्हा कामाशिवाय घास मिळायचा नाही, पोरी. आधी हजार वाती, मग भाकर. नवरा-बायको जोडीनं आले तर बाई इकडे, बाप्या तिकडे."

अगं बया! हे सगळं कुंदानेच तर तिला सांगितलेलं, शब्द न् शब्द. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ऐकायला आलं होतं, आणि तिथेही हीच पुढे!

"आणि मुलं?" चैत्रालीने विचारलं.

"सहा वर्षांवरचा मुलगा बायकांत ठेवत नसत. माझा जयदेव दारातूनच नेला, दुसऱ्या गृहात."

आता मात्र हद्द झाली. जयदेव कुंदाचा! ती गुडघ्यावर हात टेकून उठली. भर बायकांत हिचं पितळ उघडं पाडायचं, मग होईल ते होवो.

"मग परत भेटला?"

"न भेटायला काय झालं? दर दिवाळीला येतो. साडी आणतो, पायावर डोकं ठेवतो."

कुंदा उभी ती उभीच राहिली. त्या दारानंतर तिने जयदेवला पाहिलं नव्हतं. मीनाला सांगतानाही तिची गोष्ट त्या दारापाशीच थांबायची. आणि हिच्याकडे तो दर दिवाळीला येत होता! इतका हेवा तिला जन्मात कुणाचा वाटला नव्हता.

"आजी, तुम्हाला काही सांगायचंय?" चैत्रालीने वर पाहिलं. मीनाचा चेहरा पांढराफटक पडला.

"मला? नाही गं." कुंदा ऐकायला हळूच खाली बसली. "तिचंच लिही. फक्त तिला विचार, गेल्या दिवाळीची साडी कुठल्या रंगाची होती."