एकसष्टावं नाव

"मंगळवारी? ह्याच मंगळवारी?"

राजमती मगदूम बाईंनी हातातला पाठ्यपुस्तकांचा गठ्ठा बाकावर ठेवला. शाळा उघडायला आठवडा होता. बाकीचे शिक्षक अजून सुट्टीवर होते आणि बाई एकट्याच पहिलीच्या वर्गात बसून नव्या मुलांसाठी पुस्तकांचे संच लावत होत्या.

"व्हय बाई. अकरा तारखेला, रहिमतपूरला." रेश्मा दाराशीच उभी होती. कडेवरचं मूल तिच्या गळ्यातली पोत ओढत होतं. "शिवू दोन दिस नीट जेवली न्हाई. मी आप्पांस्नी बोलाय गेले तर त्यांनी माझ्याच सासूला बोलवून घेतलं. तुमीच चला. तुमचा शब्द त्ये मोडत न्हाईत."

"अगं, पण लग्न लावतील कसं? लहान आहे ती. सतरासुद्धा पुरी नाहीत."

रेश्मा मुलाच्या मुठीतून पोत सोडवत राहिली.

बाई लगेच उठल्या. चप्पल घालताना त्यांच्या मनात भीती नव्हती, थोडा रागच होता. कायदा आपल्या बाजूला आहे, रेश्माच्या वडलांना, बिराप्पाला, चार शब्द सांगितले की तो ऐकेल, एवढं त्या धरून चालल्या होत्या.

कुपवाडच्या कारखान्यांमागच्या ह्या शाळेत बाईंना मुख्याध्यापिका म्हणून बारा वर्षं झाली होती. निवृत्तीला दहा महिने उरले होते. त्या आल्या तेव्हा पटावर जेमतेम साठ मुलं होती. फौंड्रीत, पत्र्याच्या शेडमध्ये, सूतगिरणीत राबायला जत आणि त्यापलीकडून आलेल्या माणसांची ती मुलं. कधी यायची, कधी नाही. बाई सकाळी जैन मंदिरात दर्शन करून, त्या दिवसाचा एखादा नियम घेऊन निघायच्या. आज मीठ नाही, आज गोड नाही. मग शाळेत जाण्याआधी तासभर खोल्या-खोल्या हिंडून मुलं गोळा करायच्या. कुणाची वेणी घालून द्यायच्या, कुणाच्या आजीची समजूत काढायच्या. आता पट दीडशेच्या घरात होता. शिष्यवृत्तीला मुलं बसत होती. आणि रेश्माची धाकटी बहीण शिवांजली, इथं पहिलीपासून शिकलेली, बारावी सायन्सला एक्क्याऐंशी टक्के मिळवून बसली होती. ह्या वस्तीतून सायन्सला जाणारी ती पहिली मुलगी. नर्सिंगचा फॉर्म भरायचा म्हणून गेल्याच आठवड्यात ती बाईंकडून फोटोला पांढरी ओढणी मागून घेऊन गेली होती.

बिराप्पा दारातच पत्रिकांवर हळद-कुंकू लावत बसला होता. बाईंना बघून गडबडीनं उठला.

"या बाई, या. रेश्मा, खुर्ची पूस. अजून दीस हाय, च्या चालंल न्हवं? आलं घालू नगंस गं, बाईंस्नी चालत न्हाई."

"चहा राहू दे. बिराप्पा, मी हे काय ऐकते?"

"मीच येनार हुतो. पयली पत्रिका देवाला, दुसरी तुमाला." त्यानं पत्रिका दोन्ही हातांनी पुढं केली.

बाईंनी ती घेतली नाही. "तुम्ही माझ्यासमोर शपथ घेतलीत. एकदा नाही, दर जानेवारीला. पालकसभेत, हात पुढं करून. अठराच्या आत मुलीचं लग्न करणार नाही म्हणून."

"घेतलीया की," बिराप्पा म्हणाला. त्याला खोकला आला, तो थांबेपर्यंत त्यानं हातानंच बाईंना बसायची खूण केली. "तवाच तर थांबलो बाई. मागणी फाल्गुनातच आल्ती. मी म्हणलं, न्हाई जमायचं. एक जून हुंदे. बाईंस्नी शब्द दिलाय. पोराचा चुलता हंबीरराव, मिलिट्रीतनं आल्याला. त्यो बी लय कडक. म्हणला, आधी दाखला दाखवा, कायद्यात बसलं तरच पुढं बोलू. दावला. बसलं."

तो आत गेला आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. तिच्यात घडी न मोडलेला शाळा सोडल्याचा दाखला होता. शिवांजली बिराप्पा. जन्मतारीख एक जून दोन हजार सहा. खाली निळ्या शाईत बाईंची सही.

"सहा दिस झालं अठरा पुरी हून," तो म्हणाला. त्याच्या आवाजात कसलाही डाव नव्हता. शाबासकीची वाट बघावी तसा तो उभा होता.

बाईंनी दाखला गुडघ्यावर ठेवला. "बिराप्पा, ही तारीख... तुम्हाला ठाऊक आहे ना? ही आपण घातलेली आहे."

"आपण न्हवं बाई. तुमी." तो हसला. "माजा बी एक जून, रेश्माचा बी एक जूनच. आमच्यात जलमाची तारीक कुणी धरून ठिवलीया? मास्तर लिवतील त्येच वय."

बारा वर्षांमागचा तो जून बाईंना आठवावा लागला नाही. आठ वर्षांची रेश्मा दुसरीत जायची ती यायची बंद झाली होती, कारण धाकटीला सांभाळायला घरात कुणी नव्हतं. आई तेव्हा गिरणीत पाळीवर. अंगणवाडी दुपारी बारालाच सुटायची. बाई घरी गेल्या तेव्हा रेश्मा उंबऱ्यात बसून बहिणीला भात भरवत होती. "दोघींना पाठव," बाई बिराप्पाला म्हणाल्या होत्या. धाकटी साडेचार वर्षांची. सहा पुरी असल्याशिवाय पहिलीत नाव घालता येत नव्हतं.

इथवरचं बाईंनी नंतर कैक वेळा, कैक लोकांना सांगितलं होतं. त्यापुढचं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या वर्षी पट बरोबर साठ होता. साठाला दोन शिक्षक. एकसष्ट झाले की तिसरा. तिसरा शिक्षक मिळाला नसता तर चौथीपर्यंतचे दोन-दोन वर्ग एका खोलीत बसले असते, पुढच्या वर्षी आणखी दहा गळली असती, आणि मग शाळाच दुसऱ्या शाळेत मिसळली असती. बाईंनी रजिस्टर ओढलं आणि एकसष्टावं नाव लिहिलं. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी उपवास केला आणि एका उपवासात ते मिटलं असं त्यांना वाटलं.

"पोरगं चांगलं हाय," बिराप्पा सांगत होता. "सोताचा टेंपो हाय, सुपारीसुदीक खात न्हाई. पुढं शिकू देतो म्हणलाय. आता हिची आई असती तर मी कशाला घाई केली असती? पर माझी छाती फौंड्रीनं खाल्ली बाई. डाक्टर सांगत न्हाई, पर त्याचं त्वांड सांगतंय. पोरीला कुणाच्या दारात सोडून जाऊ?"

बाईंनी दाखला परत पिशवीत घातला. त्या मागच्या दारी गेल्या. शिवांजली नळाशेजारी तांब्याची भांडी चिंचेनं घासत होती.

"नाही म्हणालीस का आप्पांना?"

"दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा ते रडाय लागले." तिनं वर बघितलं नाही. "बाई, एक विचारू? रेश्माआक्का म्हणती, मी अठराची न्हाईच."

बाईंनी खाली बसून तिला सगळं सांगितलं. साठ आणि एकसष्टसुद्धा.

शिवांजली बराच वेळ हातातली घागर फिरवत राहिली. मग म्हणाली, "कवायतीला मला कायम सगळ्यांत पुढं उभं करायचे. पोरी पिटुकली म्हणून चिडवायच्या. पळण्यात मी शेवटची. मला वाटायचं, माझ्यातच काय तरी कमी हाय."

"नव्हतं गं कमी काही."

"मग सांगा की बाई तसं." आता तिनं बघितलं. "तुमी सांगितल्यावर न्हाई कोण म्हणंल?"

शनिवार-रविवार सांगलीची महिला-बालविकासाची कचेरी बंद होती. रविवारी देवळातून आल्यावर बाईंनी कोऱ्या कागदावर निवेदन लिहिलं. सदर विद्यार्थिनीची जन्मतारीख मी स्वतः, खोटी असल्याचे माहीत असताना नोंदवली. शांतिनाथ, त्यांचे यजमान, पलीकडे पेपर वाचत होते. त्यांनी कागद मागून घेतला आणि दोनदा वाचला.

"दहा महिने राहिलेत," ते म्हणाले. "पेन्शन अडकवतील."

"अडकवू देत."

"लोक म्हणतील, इतकी सोवळी बाई आणि..."

"म्हणू देत. खरंच आहे ते."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग खाली तारीख घाल. निदान ही तरी खरी घाल," ते म्हणाले. त्यांना हसू आलं नाही, बाईंनाही नाही. मग सोमवारी तेच स्कूटर काढून बाईंना सांगलीला सोडायला गेले.

कचेरीतला साहेब तिशीतला होता, बोलायला नम्र. त्यानं बाईंना पाणी दिलं, निवेदन शेवटपर्यंत वाचलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

"मॅडम, जन्माची नोंद आहे कुठं?"

"नाही. मूल रानात झालं. खोपटात, ऊसतोडीला गेले होते तेव्हा. दिवाळी होती."

"म्हणजे दुसरा कागद नाही. आणि दाखला, आधार, बोर्डाचं प्रमाणपत्र, सगळीकडे ही एकच तारीख."

"सगळीकडे माझीच तारीख गेली आहे. मुळात मी लिहिलेली. मी स्वतः सांगते आहे की."

"वय तपासायची डॉक्टरी चाचणी कागद नसेल तेव्हाच. इथं कागद आहेत." त्यानं खुर्ची पुढं ओढली. "राग मानू नका. वर्षाला अशा दोन-तीन शिक्षिका माझ्यापुढं येतात. हुशार मुलगी असते, घरचे ऐकत नाहीत, मग कुणी म्हणतं वय चुकलंय, कुणी म्हणतं दाखला चुकलाय. तुमची तळमळ मला कळते. तुम्ही चांगल्या हेतूनं खोटं सांगताय."

बाईंच्या कानशिलांत गरम झालं. "मी खोटं नाही सांगत. खोटं मी तेव्हा लिहिलं. आज खरं सांगते आहे."

"बरं. पण मुलगी वयात आलेली आहे, तिला लग्न नको असेल तर ती स्वतः पोलिसांत जाऊ शकते. बापाविरुद्ध तक्रार देईल?"

बाईंना घागर घासणारे हात दिसले.

"आम्ही माणसं पाठवली तरी काय होणार? दाखला बघतील आणि जेवून परत येतील." त्यानं निवेदन उचलून बाईंच्या हातात दिलं. "हा कागद मी घेतलाच नाही असं समजा. दहा महिन्यांसाठी कशाला स्वतःचं वाटोळं करून घेता?"

"घ्या हो. आवक करून घ्या," बाई म्हणाल्या. आयुष्यात त्यांनी कुणाकडे असं काही मागितलं नव्हतं. "घ्या. शिक्का मारून द्या मला."

साहेबानं हात जोडले आणि बाहेरच्या शिपायाला पुढचा माणूस पाठव म्हणून सांगितलं.

संध्याकाळी बाई पुन्हा बिराप्पाकडे गेल्या. ह्या खेपेला कायदा मध्ये आणला नाही. नुसत्या पदर पसरून म्हणाल्या, "एक वर्ष द्या मला. ती माझ्या घरी राहील, तिचं शिक्षण मी करते." बिराप्पा घाबरून मागं सरला. "आवं बाई, पदर कशाला पसरतासा माझ्याम्होरं? मला पाप लागंल." आणि मग खाली बसून, तोंडावर हात घेऊन, तो म्हणाला, "वर्षानं मी असंन का, एवढं सांगा. मग थांबतो." दारात मांडवाची पानं उतरवायला माणसं आली होती. आतून शिवांजली बाहेर आली नाही. तिला उत्तर कळलं होतं.

मंगळवारी बाई रहिमतपूरला गेल्या. न जाण्याचं मनात होतं, पण सकाळी नियम घेताना त्यांना वाटलं, आपण तिथं नसणं हे पळून जाणं होईल. कार्यालय साधं, नेटकं होतं. नवरा मुलगा लाजरा, बाईंच्या पाया पडला. दुपारी अक्षता पडल्या. बाई मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसल्या होत्या. जेवायला त्यांना बिराप्पानं स्वतः येऊन विचारलं, कांदा-लसूण नसलेलं वेगळं करवलंय म्हणाला. बाईंनी थोडा भात घेतला.

पंगती उठत असताना हंबीरराव फाइल घेऊन आले. मिशा पांढऱ्या, चालणं अजून परेडचं.

"नोंदणीचा फारम आजच भरायचा. उद्या-परवा न्हाई. आपल्यात कच्चं काम चालत न्हाई."

"आणा तात्या, मी भरतो," कुणी तरी हात पुढं केला.

"तू? तुझं अक्षर तुला लागत न्हाई," हंबीरराव म्हणाले आणि माणसं हसली. "सून बारावी शिकल्याली हाय आमची. तिचा फारम तीच भरंल. बस पोरी. बघू दे सगळ्यांस्नी." त्यांना खरोखर अभिमान वाटत होता. त्यांनी स्वतःच्या खिशातलं पेन टोपण काढून तिच्या हातात दिलं.

शिवांजली जेवणाच्या टेबलाशी बसली. बायका भोवती जमल्या. तिनं नाव लिहिलं, वडलांचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला. टपोरं, सरळ अक्षर. "अगं बाई, छापल्यागत," एक म्हातारी म्हणाली. "कुणी शिकवलं गं?"

शिवांजलीनं मान वर केली. भिंतीजवळ बाई उभ्या होत्या. म्हातारीनं त्यांना हातानं पुढं ओढलं. "या की, लांब का? तुमचीच पोरगी."

पेन पुढच्या चौकटीवर थांबलं होतं. विवाहाच्या दिवशी वधूचे वय. मुंडावळ्यांच्या सरी सारख्या कागदावर लोंबत होत्या, ती मनगटानं त्या मागं सारायची, त्या परत पुढं यायच्या. डोळ्यांत पाणी असलं तर ते त्या सरींमागं कुणाला दिसत नव्हतं.

"चला, आटपा, टेंपो थांबलाय," बाहेरून हाक आली.

बाई वाकल्या. त्यांनी दोन्ही बाजूंच्या सरी अलगद उचलल्या आणि हातात धरून ठेवल्या, तिला लिहिताना नीट दिसावं म्हणून.