उजव्या की डाव्या?

पीठ घेऊन आलेल्या टेम्पोच्या ड्रायव्हरने बेकरीवाल्या ताईची वेणी धरून तिला पिठाच्या गोण्यांवर आपटलं आणि बेकरीतले सगळे गडी त्याच्यावर तुटून पडले. ताईचा धाकटा भाऊ सगळ्यांत पुढे. ड्रायव्हरच्या नाकाचं हाड कडकन मोडलं, दात लादीवर सांडले, पिठात रक्त कालवलं गेलं. कुणाच्या तरी हातात भट्टीतले ट्रे ओढायचा लोखंडी आकडा होता. तो ड्रायव्हरच्या कानामागे शिरला आणि एवढा धिप्पाड माणूस टाचा घासत संपला. बरं झालं मेला, असं ताईला क्षणभर वाटलं. वाटलं ते वाटलं.

फौजदार तासाभरात आला. भला माणूस; आधी पाणी पाजलं. मग विचारलं, "तुमच्या भावाने आकडा कोणत्या हातात धरला होता? उजव्या की डाव्या?"

आकडा कुणाकडे होता, हे त्या शहाण्याने विचारलंच नाही. ताईचे कान अजून घणघणत होते. धाकटा जेवतो, कणीक मळतो, सगळं उजव्याने.

"उजव्या," ती म्हणाली.

झालं! तोंडातून गेलं ते डोळ्यांत येऊन बसलं. तीनदा जबाब झाला, तिन्ही वेळा तिला आकडा लख्ख दिसला, रक्ताने माखलेला, धाकट्याच्या मुठीत. खोटं बोलणं तिच्या रक्तात नव्हतं. कोर्टातही तिने रडत रडत तेच सांगितलं.

"ताई, अगं उजव्या हाताला तर तू लोंबकळत होतीस!" धाकटा आरोपीच्या पिंजऱ्यातून ओरडला. "सोड सोड म्हटलं तरी सोडेनास!" त्याने बाही सारून मनगट पुढे केलं. त्यावर चार नखांचे जुने व्रण होते.

"खरं आहे हे?" न्यायाधीशांनी विचारलं.

ताईने डोळे मिटले. ते घामट मनगट तिच्या हाताला लागलं. आपलीच किंकाळी ऐकू आली, 'नको रे, मरेल तो!'

"खरं आहे साहेब. दोन्ही हातांनी धरला होता मी."

"मग आकडा?" सरकारी वकील म्हणाला.

तिने पुन्हा डोळे मिटले. तिच्या मुठींत आवळलेलं भावाचं मनगट, आणि त्याच्याच बोटांत आकडा. काही केल्या तो तिथून हलेना.

"त्याच हातात दिसतो हो," ताई हंबरडा फोडून म्हणाली. "मीच धरलेल्या हातात दिसतो!"