मक्याचा पिझ्झा

उन्नतीचा नवरा केतन ऑफिसात चक्कर येऊन पडला. फोन येताच तिने दोन्ही मुलींना शेजारच्या अफशाकडे सोडलं आणि ती हॉस्पिटलकडे धावली. थोड्या वेळाने मुलींना भूक लागली, आणि त्यांना पिझ्झाच हवा होता.

वाशीतल्या दुकानात फ्रीजरपुढे उभी राहून अफशा एकेक खोका उलटसुलट करून बघत होती. उन्नतीच्या घरी कडक शाकाहार; शाकाहाराचा हिरवा ठिपका प्रत्येकावर होता, तरी तिच्या मनाची खात्री होईना.

"मावशी, आमच्याकडे मशरूम चालत नाही," थोरली रेवा म्हणाली.

अफशाने हातातला खोका परत ठेवला. उन्नतीला विचारावं म्हणून फोन काढला, पण अशा वेळी तिला ‘हे चीज चालेल का’ असं काय विचारायचं? शेवटी तिने मक्याचा पिझ्झा घेतला. वाटेत आठवलं, आपल्या ओव्हनमध्ये कालच मासळी भाजली होती. उन्नतीच्या घराची एक चावी तिच्याकडे असायची. तिने ते घर उघडलं, तिथला तवा शोधला आणि झाकण ठेवून पिझ्झा गरम केला. मुली खायला बसल्या. ती मात्र खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत राहिली.

एकदाचा फोन वाजला.

"शुगर खाली गेली होती. आता बोलतोय," उन्नती म्हणाली. "मुली जेवल्या?"

"पिझ्झा खाल्ला. तुझ्याच तव्यावर केलाय, टेन्शन घेऊ नको."

उन्नतीने विचारलं, "आणि तू?"

"आता खाते," अफशा म्हणाली, आणि मुलींनी तिच्यासाठी ठेवलेला तुकडा तिने उभ्यानेच तोंडात टाकला.