मी पळणार नाही, साहेब

शेंद्र्यातल्या एका कारखान्याच्या कॅन्टीनचा ठेकेदार सोमवारी आलाच नाही. फोन बंद, भटारखान्याला कुलूप. दुपारपर्यंत कळलं की गडी कुणाला न सांगता ठेका अर्ध्यात टाकून पळाला. त्याच्या हाताखाली स्वयंपाक करणाऱ्या सुलेखा आणि गोजरबाई गेटाशी उभ्याच राहिल्या. कामगारांनी वडापाव खाऊन शिफ्ट काढली.

घरी जाताना सुलेखाच्या मनात एकच घोळत होतं. भाजी काय करायची, पीठ किती मळायचं, सगळं आपणच बघतो. मग ठेका आपणच का घेऊ नये?

"तू बोल साहेबाशी," गोजरबाई म्हणाली. "म्या पोळ्या लाटीन, पर बोलणं माझ्याच्यानं व्हायचं नाय."

कारखान्याचे मॅनेजर राघवनसाहेब नवे होते, चेन्नईचे. हिंदी जेमतेम, मराठी मुळीच नाही. पण सुलेखाची मुलगी करुणा औरंगपुऱ्यातल्या इंग्रजीच्या क्लासला जायची. ती संध्याकाळी पुस्तक घेऊन बसली की सुलेखाही पोळपाट बाजूला सारून तिच्याजवळ बसायची. शाळा सातवीत सुटलेली, पण हौस दांडगी. कम म्हणजे येणे, गो म्हणजे जाणे, रन म्हणजे पळणे, असं पाठ करत करत तिनं बरंच जमवलं होतं. साहेबांशी इंग्रजीतच बोलायचं, असं तिनं ठरवलं.

मंगळवारी साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कॅन यू रन द कॅन्टीन?"

सुलेखाला त्यातला रन तेवढा नीट ऐकू आला. तिला वाटलं, बरोबर आहे, पहिला पळाला, आता ही पण पळेल अशी भीती असणार. ती ताठ उभी राहिली.

"नो सर! आय नो रन. नेव्हर!"

साहेब गोंधळले. "यू डोन्ट वॉन्ट टु रन इट?"

"नो रन, सर. प्रॉमिस!"

साहेबांनी मान हलवली, थँक्यू म्हणाले. सुलेखा खुशीत बाहेर आली आणि घरी येताना जिलबीच घेऊन आली.

बुधवारी गेटावरच्या पुंजारामनं तिला थांबवलं. "सुलेखाबाई, तुम्ही नाही का म्हणलात? शहरातून दुसरा माणूस यायलाय उद्या, कॅन्टीन बघायला."

"म्या कवा नाही म्हणलं?" सुलेखानं विचारलं.

संध्याकाळी करुणानं सगळं बोलणं पुन्हा वदवून घेतलं. आधी ती खळखळून हसली, मग आईचा चेहरा बघून समजावू लागली.

"आई, रन म्हणजे पळणं, पण चालवणं पण. कॅन्टीन चालवशील का, असं विचारलं त्यांनी."

"पळणं आन् चालवणं एकच?"

"मशीन चालतं ते रन. नळाचं पाणी वाहतं ते रन. सर्दीत नाक गळतं ते रन, धुण्यात रंग जातो तेही रन. निवडणुकीला उभं राहिलं तरी रनच."

"उभं राहिलं तरी पळणं?" सुलेखानं कपाळावर हात मारला. "शब्दांची टंचाई व्हती का गं इंग्रजांना?"

करुणा म्हणाली, "उद्या मी येते, मी बोलते."

"नाय. घोटाळा म्या केला, म्याच निस्तरते."

दुसऱ्या दिवशी शहरातला माणूस यायच्या आत ती साहेबांच्या टेबलासमोर हजर झाली. दोन बोटं टेबलावर तुरुतुरु पळवत म्हणाली, "ओल्ड कॉन्ट्रॅक्टर, रन. मी, नो रन." मग चुलीवरची भाजी ढवळल्यासारखा हात फिरवून, "बट कॅन्टीन, आय रन. यस सर. मी आणि गोजरबाई."

साहेब मोठ्यानं हसले. मग मोडक्या हिंदीत त्यांनी आपली गोष्ट सांगितली. इथं आल्यावर ते चालू हा शब्द शिकले. मशीन चालू, लाइट चालू, काम चालू. कामसू सुपरवायझर बाईंचं कौतुक करावं म्हणून सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, आप बहुत चालू हैं." बाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

सुलेखाही पदर तोंडाशी धरून हसायला लागली.

"एक हफ्ता," साहेब म्हणाले. "ट्रायल."

सोमवारी सुलेखाचं जेवण आहे म्हणताच ऑफिसातले लोकही ताटं घेऊन रांगेत आले. भात भराभर संपला आणि शेवटची रांग तशीच उभी. गोजरबाई घाबरली. सुलेखानं बेसनाचा डबा काढला. "घाबरू नको. तव्यावर भाकरी टाक, म्या पिठलं लावते." मागं राहिलेल्यांना गरम पिठलं-भाकरी मिळाली. आधी जेवून गेलेलेही वास घेत परत आले.

आठवड्यानं ठेका दोघींच्या नावावर झाला. सही करून सुलेखा बाहेर आली तर एक कामगार वाटेतच उभा.

"मावशी, उद्या काय?"

"शेवग्याच्या शेंगा," ती म्हणाली, आणि गोजरबाईला घेऊन बाजाराच्या रिक्षात बसली.