आपल्याला चारचा पुरेल

कारखान्यात तिला सगळे पाऊसबाई म्हणत. कारखाना तंबूंचा. मागच्या बाजूला तिची एक खोली होती, छताला भोकं पाडलेले नळ बसवलेले. चाक फिरवलं की खोलीत धो धो पाऊस. नवा तंबू तिथे उभा करायचा, पाऊसबाईने स्टूल घेऊन आत बसायचं, अर्धा तास मान वर करून बघत राहायचं आणि जिथे थेंब दिसेल तिथे पिवळ्या खडूने गोल करायचा. तिचं काम एवढंच. ते भोक बुजवायचं काम पुढच्या टेबलाचं. सव्वीस वर्षं ती रोज पावसात बसत होती आणि कोरडी बाहेर येत होती. तिचं लग्न राहून गेलं त्याच्याशी या कोरडेपणाची सांगड घालून कुणीतरी एकदा विनोद केला होता. तो तिने ऐकला नाही असं दाखवलं, पण विसरली मात्र नाही.

घरच्यांनी तिला तिच्या कामातलं कधी काही विचारलं नव्हतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! म्हणून धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा ती अर्धा चहा तसाच ठेवून उभी राहिली.

"ताई, पुढच्या शनिवार-रविवारी कॅम्पिंगला जायचं ठरतंय. तुझ्या कारखान्यातून एक चांगला तंबू निवडून दे ना. लावायला सोपा हवा, माझे हात तुला माहीतच आहेत. आणि पावसात गळायला नको. आपल्याला चारचा पुरेल."

फोन ठेवल्यावर तिच्या कानात एकच शब्द उरला. आपल्याला. आम्हाला नाही म्हणाला तो, आपल्याला म्हणाला. आम्ही म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो आणि आपण म्हटलं की आत येतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. भाऊ, भावजय, मोठी भाची, धाकटा भाचा आणि ती. झाले पाच. मग चारचा कसा पुरेल? तिला हसू आलं. वेड्याने धाकट्याला मोजलंच नसणार. शिवाय पिशवीवरचा आकडा हा लग्न जुळवताना सांगितलेल्या पगारासारखा असतो, थोडा कमी करूनच धरायचा. चारचा म्हणजे तीन माणसं आणि एकाचा श्वास. पाच जणांना सहाचाच हवा.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांकडे शनिवारची रजा मागितली. सव्वीस वर्षांत तिने आजारपणाशिवाय रजा मागितली नव्हती. साहेबांनी चष्मा वर केला. "कुठे जाताय?"

"कॅम्पिंगला," ती म्हणाली, आणि दुपारपर्यंत सगळ्या कारखान्याला ते ठाऊक झालं. ठाऊक तिनेच करून दिलं, उगाच दुसऱ्याला कशाला दोष द्यायचा!

मग तंबू निवडणं सुरू झालं. पहिला हवेत फेकला की आपोआप उघडणारा. उघडतो झटक्यात, पण घडी घालायला बसलं की तीन माणसं आणि दोन भांडणं लागतात. भाऊ तर त्याच्यासकट घरी परतला असता. दुसरा काठ्यांचा, मजबूत, पण काठी कुठल्या खोबणीत हे कळायला डोकं थंड लागतं, आणि भावाचं डोकं डब्याचं झाकण अडकलं तरी तापतं. तिसरा छत्रीच्या जातीचा. मधली दोरी ओढली की सांगाडा वर, कोपऱ्यांत चार खुंट्या, संपलं. एकेरी जाड कापड, शिवणींवर आतून पट्टी, तळाचं कापड वीतभर वर आलेलं, म्हणजे बाहेर तळं साचलं तरी आत पाणी नाही. तो तिने नियमाप्रमाणे अर्धा तास नव्हे, चांगले दोन तास पावसाखाली ठेवला. स्वतः आत बसली. एक थेंब नाही. आत बसल्या बसल्या तिने जागाही वाटून टाकल्या. भिंतीकडे भाऊ, मग धाकटा, मग भावजय, मग मोठी, आणि दाराजवळ आपण. म्हाताऱ्या माणसाला रात्री उठावं लागतं, दाराजवळ बरं. म्हातारी ती बावन्न वर्षांचीच होती, पण तेवढी सवलत तिने स्वतःला दिली.

आणि मग तिने जन्मात केली नव्हती अशी गोष्ट केली. दाराजवळच्या भिंतीला, उशाशी हात पोचेल अशा बेताने, चष्मा ठेवायला एक छोटा खिसा शिवला. सुईचं भोक म्हणजे गळती हे जिने कारखान्यातल्या शिवणाऱ्या पोरींना हजारदा बजावलं, तिनेच धडधडीत चांगल्या कापडाला बावीस भोकं पाडली. बाहेरून एकेका टाक्यावर रबरी गोंद लावला, रात्रभर वाळू दिला, सकाळी पुन्हा पावसाखाली धरला. कोरडा ठणठणीत. खिशात चष्मा घालून पाहिला. बरोबर बसला.

शुक्रवारी संध्याकाळी ती तंबू घेऊन भावाकडे गेली. बैठकीतलं टेबल भिंतीला सरकवून तिने दोरी ओढली आणि तंबू उभा राहिला. मुलं ओरडत आत घुसली. भावाने टाळ्या वाजवल्या. तिची स्वतःची बॅग दाराशी होती. त्या बॅगेकडे कुणी पाहिलं नाही, आणि पुढे जे झालं त्यावरून ते बरंच झालं.

"अय्या, केवढा मोठा!" भावजय आत वाकून म्हणाली. "आम्ही चौघं ऐसपैस मावू. आणि ही दाराजवळची जागा सामानाला. ताई, तुम्ही खरंच सगळा विचार करता हं."

आम्ही चौघं. पाऊसबाईने भावाकडे पाहिलं. तो खुंट्या मोजत होता. त्याच्या चेहऱ्यावर लपवाछपवी असती तर तिला बरं वाटलं असतं; चोरी केल्याचं निदान चोराला तरी कळतं. पण तिथे काहीच नव्हतं. ती येईल असं त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. आपल्याला हा शब्द त्याने, माणसं जांभई देतात तसा, सहज दिला होता.

"ताई, एक किल्ली तुमच्याकडे ठेवून जाते," भावजय म्हणाली. "दोन दिवस कुंड्यांना पाणी घालाल ना? पाण्याच्या बाबतीत तुमच्याइतकं भरवशाचं कोण आहे!"

सगळे हसले. तीही हसली. मग बॅग काखेत मारून, जणू ती कामावरूनच आणली होती अशा थाटात, घरी आली. त्या रात्री तिला भावाचा राग आला नाही. स्वतःची लाज वाटली, आणि लाज रागापेक्षा जास्त वेळ टिकते.

शनिवारी आणि रविवारी तिने कुंड्यांना पाणी घातलं. सोमवारी कारखान्यात पोरींनी गराडा घातला. "काय पाऊसबाई, कसं झालं कॅम्पिंग?"

"एक थेंब गळला नाही," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते. रविवारी तिकडे पाऊस झाला होता आणि भावाने फोन करून तेवढं सांगितलं होतं.

मंगळवारी भाऊ तंबू घेऊन दारात उभा. तसाच ओला, चिखलासकट पिशवीत कोंबलेला. "ताई, हा धुऊन वाळवून देतेस का? तुला जमतं. आम्ही केला तर वाट लावू. आणि बरं का, दहा-बारा दिवसांनी परत जायचंय. साडू आणि मेहुणी पण येणारेत. तू सहाचा घेतलास ते किती बरं झालं! आता आपल्याला बरोब्बर पुरतोय."

"आपल्याला म्हणजे कुणाला?" तिने विचारलं.

"म्हणजे काय, आम्ही चौघं आणि ते दोघं." हिशेब साधा होता. तो तिच्याकडे, हिला एवढंही कळू नये, असा पाहत राहिला. मग निघता निघता म्हणाला, "आणि तो दाराजवळचा खिसा भारी सुचला तुला. ओले मोजे टाकायला उपयोग झाला."

तो गेल्यावर तिने गच्चीवर तंबू उघडला. दाराजवळ, जिथे तिचं अंथरूण येणार होतं, तिथे बुटांचे आठ ठसे होते, चार जोड्या, नीट ओळीत. खिशात भाच्याचा एक मोजा राहिला होता, आंबलेला. तिने तो धुतला. तंबू धुतला, वाळवला. मग ब्लेड घेऊन बसली आणि खिसा टाका टाका करून उसवला. प्रत्येक टाक्याबरोबर वरचा गोंद पापुद्र्यासारखा सुटून येत होता. उन्हाकडे धरलं तेव्हा बावीस भोकांतून बावीस किरणं आत आली. तिने पिवळा खडू काढला आणि एकेका भोकाभोवती गोल केला, रोज करते तसा, एकही न चुकवता.

गुरुवारी फोन आला. "ताई, वाळला का गं?"

"वाळला. पण तो खिसा काढलाय मी. त्याची भोकं आहेत बावीस, पिवळ्या खुणा केल्यात. तेवढी बुजवून घे."

"बरं बरं. पिशवीत भरून ठेव, जाता जाता उचलतो."

"ऐकलंस का मी काय म्हणाले?"

"हो गं, खुणा केल्यास. छान. चल, ठेवतो, साडूंचा फोन येतोय."

पालथ्या घड्यावर पाणी. तिने तंबूची घडी घातली, तशी ती एकटीच घालू शकत होती, काठाला काठ लावून, आणि पिशवीचं तोंड आवळलं. रबरी गोंदाची नळी टेबलावरच होती, अर्धी भरलेली. तिने टोपण घट्ट फिरवलं आणि नळी खणात टाकली. बुजवायचं काम पुढच्या टेबलाचं.