वेणूबाईची आरोळी

वेणूबाईच्या तोंडाला आवर घालायची छाती सासऱ्याची झाली नाही, नवऱ्याची तर नाहीच. शेवटी ते काम सरकारने केलं.

रबाळ्याच्या कारखान्यांचा भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर, खाडीच्या अंगाला, तिचं अर्धा एकर भातशेत उरलं होतं. चहूकडे भराव पडलेला. मुलगा हितेश तिथे टेम्पोंचं पार्किंग करायला टपून बसलेला. तेवढ्यात योजना आली: भाताचा एक पट्टा न कापता पाखरांसाठी उभा ठेवा, अनुदान घ्या. पाहणीच्या दिवशी निदान पंचवीस पाखरं दिसली पाहिजेत, एवढंच. हितेशने शब्द दिला, "आये, पंचवीस दिसली तर शेत तुजं. नाय दिसली तर दिवाळीनंतर भराव."

फॉर्मवरची चौथी अट मात्र जिवावरची होती. पाखरांना हुसकावू नये! वेणूबाई सात वर्षांची असल्यापासून दुसरं करत काय आली होती? तिची "हाऽऽर्र्यो" उठली की समोरच्या सोसायटीत सातव्या मजल्यावरचं तान्हं बाळ दचकून जागं व्हायचं.

पाहणीला बेलापूरच्या कार्यालयातून अस्मिता मॅडम आल्या. चष्मा, दुर्बीण, फायलीत फॉर्म. बांधावर बसताच त्यांनी बजावलं, "आजी, आवाज नाही हं."

वेणूबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

तासभर गेला. मॅडमना एकही पाखरू दिसेना. वेणूबाईला मात्र दिसत होतं. वारा नसताना इथे एक लोंबी वाकत होती, तिथे एक हलत होती. इवल्याशा मुनिया भातात शिरून मुकाट दाणे टिपत होत्या. एकेक दाणा तिच्या काळजातून जात होता.

"हायत मॅडम," पदर काढून ती कुजबुजली. "आतमंदी बसून खातान. पन्नास तरी हायत."

"असतील आजी. पण दिसल्याशिवाय मी कशी लिहू?" मॅडमना वाईट वाटत होतं, पण पेनाचं टोपण निघालं होतं. पलीकडे हितेश बांधावर टेप लावून किती टेम्पो मावतील ते मोजू लागला होता.

तेवढ्यात समोरची सगळ्यात भरलेली लोंबी पार खाली वाकली. जित्याची खोड ती! वेणूबाईने ठरवून केलं की सवयीने, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"हाऽऽऽर्र्यो!"

आख्खा पट्टा फडफडत वर उठला. मॅडमनी घाबरूनच फोटोसाठी हातात धरलेल्या मोबाईलचं बटण दाबलं. फोटोत मोजली तेव्हा पाखरं एकसष्ट भरली.

"मॅडम, चौथी अट!" हितेश धावत आला. "तिनं हुसकावली ना!"

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या टेपकडे पाहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात शांतपणे लिहिलं: 'शेतकरी महिलेने पाखरांना हाक मारली. पाखरांनी उठून प्रतिसाद दिला. संख्या ६१.'

शेत वाचलं. मॅडम गेल्या, हितेशही टेप गुंडाळत गेला. वेणूबाई मोकळ्या पट्ट्याकडे बघत राहिली आणि तिला एकदम लाज वाटली. ज्यांच्यामुळे शेत राहिलं, त्यांनाच तिने भरल्या ताटावरून उठवलं होतं.

"याऽऽ गो," तिने हाक घातली. ती हाकही आरोळीसारखीच निघाली. तारेवर बसलेला कावळासुद्धा उडून गेला. साठ वर्षांत पाखरांना बोलवायचं कसं, ते ती शिकलीच नव्हती.

मग तिने पदर पुन्हा तोंडात कोंबला आणि भाताकडे पाठ करून बांधावर बसली. बऱ्याच वेळाने मागे एक लोंबी सळसळली, मग दुसरी. वेणूबाईने वळून पाहिलं नाही.