काय तक्रार आहे?

अमरावतीच्या ज्या क्लासमध्ये मी इंग्रजी बोलायला शिकवते, तिथल्या गोवर्धन सरांना आज संध्याकाळपर्यंत एक कागद हवा आहे. तक्रार करण्याचे पंधरा इंग्रजी वाक्प्रचार, अर्थ आणि वापर. मी अकोल्याच्या एका दवाखान्यात बाकावर बसून तो लिहिते आहे. शेजारी आई. सुंदराबाई, वय चौसष्ट, दर्यापूरकडच्या एका अंगणवाडीत तीस वर्षं मदतनीस. आमचा नंबर एक्केचाळीस. आत अठरा गेलाय.

एक. किक अप अ फस.
अर्थ: आरडाओरडा करून तक्रार करणं.
वापर: माझी आई कधीच

हे उदाहरण होत नाही.

"काय लिवून राहिली वं?"

"तक्रार कशी करायची ते."

"कोनाची?"

"कोणाचीच नाही. मुलांना शिकवायला."

"तक्रारीचीबी शिकवणी लागते का आता? आपल्या मोहल्ल्यातल्या बाया तं पोटातूनच शिकून येतात."

हसता हसता ती मध्येच थांबली. तळहात छातीवर गेला. मी पाहते आहे हे कळल्यावर तिने पदर सारखा केल्यासारखं केलं.

दोन. हॅव अ बोन टू पिक विथ समवन.
अर्थ: एखाद्याला जाब विचारायचा असणं. (हाडाचा संबंध नाही. मुलं हसतील, हसू द्यावं.)
वापर: मला मागच्या वेळच्या डॉक्टरांना जाब विचारायचा आहे.

पण कसला? पंधरा दिवसांपूर्वी आईला इथेच आणलं होतं. नर्सने तिला एकटीलाच आत घेतलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय तक्रार आहे?" आई म्हणाली, "कोनाचीच तक्रार नाई, सायेब. पोरगी चांगली हाय, पोरगा चांगला हाय, सून तं लयच चांगली हाय." ती बाहेर आली तेव्हा कागदावर इंग्रजीत लिहिलेलं होतं: नो स्पेसिफिक कंप्लेंट. खाली पित्ताच्या गोळ्या. डॉक्टरांनी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. परतीच्या एसटीत आईने मोठ्या अभिमानाने सांगितलं, "मी तुमचं कोनाचं नाव निघू देलं नाई."

त्या गोळ्या संपल्या. घाम आणि धाप तशीच आहे.

सात. (मधले नंतर.) कान्ट कंप्लेन.
अर्थ: कसं काय विचारल्यावर द्यायचं उत्तर. बरं चाललंय.
शब्दशः: तक्रार करता येत नाही.
वापर:

वीस वर्षांपूर्वी अंगणवाडीच्या खिचडीच्या तांदळात अळ्या निघाल्या. आईने तक्रार लिहून दिली, खाली सही केली. तांदूळ तोच येत राहिला. खिचडी शिजवणारी वच्छला मात्र कामावरून गेली. त्यानंतर बाजारात वच्छला दिसली की आई दुसऱ्या गल्लीने यायची. भाजी नेहमीपेक्षा उशिरा घरी पोचायची, एवढंच आम्हाला कळायचं.

बेचाळीस पुकारला. आमचा एक्केचाळीस कधी गेला ते मला कळलंच नाही. मी उठले, नर्सशी भांडले. (पहिल्या वाक्प्रचाराचा वापर मिळाला.) या वेळी मीही आत गेले.

डॉक्टर वेगळ्या होत्या, तरुण. डोळ्यांखाली काळं, टेबलावर गार झालेला चहा. मान वर न करता म्हणाल्या, "बोला आजी, काय तक्रार?"

"काईच नाई."

"डॉक्टर, तिला दोन महिन्यांपासून..."

"तुम्ही थांबा. त्यांना सांगू द्या."

आई माझ्याकडे बघत होती. तीस वर्षं मुलांना खिचडी वाढणारी बाई, आणि दोन शब्द निघत नव्हते. मला एकदम थकवा आला. बाकावरचा, एसटीचा, पंधरा वाक्प्रचारांचा.

"आई," मी म्हटलं, "माणसाची नको सांगू. छातीची तक्रार सांग."

"छातीची?"

"हो. ती काय काय करते ते."

आई जरा पुढे सरकली. शेजारणीबद्दल बोलावं तसा तिचा आवाज खाली आला.

"लय माजली हाय, मॅडम. जिन्याच्या चार पायऱ्या चढू देत नाई. धरून ठेवते. भांडे घासाले बसलं का डाव्या हातात उतरते, जबड्यात चढते. पहाटे उठवते अन् घामानं आंघोळ घालते. दोन महिने मी चूप राहिली, तं तिले वाटलं हे बाई कोनाले सांगत नाई."

डॉक्टरांचं पेन चालू लागलं. मग थांबलं. त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

छातीला तारा लावल्या. लांबट कागद निघाला. डॉक्टरांनी तो दोनदा पाहिला आणि आमचा जुना कागद बाजूला सारला.

"आत्ताच भरती करायचं. उद्यावर नको. आजी, इथे सही करा."

पेन हातात घेऊन आई तशीच बसली.

"सही काहून?"

"तुमची परवानगी लागते."

ती माझ्याकडे वळली. कुजबुजली, पण खोलीभर ऐकू आलं.

"संध्या, माह्या सहीनं वच्छला गेली. आता कोन जाईन?"

"कोणी नाही जाणार. तू राहावीस म्हणून सही आहे."

तिने माझं तोंड नीट निरखलं, मी लहानपणी खोटं बोलले की निरखायची तसं. मग वाकली. एकेक अक्षर जुळवत नाव लिहू लागली. गोवर्धन सरांचा फोन आला. मी तो वाजू दिला. ती अजून 'सुंदरा'पर्यंतच आली होती.